अंपायरचा हात

१२ जानेवारी

अंपायरसाहेब,

काल तुम्ही शेडमध्ये येऊन गेलात आणि मला न भेटता गेलात. वर बघून नुसती मान हलवायलाही जड गेलं का? तीन वर्षांपूर्वी नोकरी अजून बरीच शिल्लक असताना एके दिवशी राजीनामा देऊन चालते झालात, मला अवाक्षरही न सांगता. तेव्हाही मी गप्प राहिले. मनाशी म्हटलं, क्रेन चालवणारी बाई आणि तिला खालून अंपायरसारखे हात करणारा माणूस, यांचं असं कितीसं नातं असतं? तुम्ही जमिनीवर, मी छपराखालच्या केबिनमध्ये. वीस वर्षांत आपण समोरासमोर बसून धड चहासुद्धा प्यायलो नाही. पण काल आलात ते आलात, वर माझं काम कशाला थांबवलंत?

टाकीचा मोठा पत्रा हुकाला लटकत होता. पत्रा वर असला की त्याच्याखालचं मला काही म्हणजे काही दिसत नाही, हे तुम्हाला काय सांगायचं. तुमच्या जागी जो नवा माणूस आलाय, तो मला 'पुढे घ्या' असा हात करत होता. चालीवरून वेल्डर लोकांनी त्याचं नाव तुरतुऱ्या ठेवलंय. तेवढ्यात तिसऱ्या खांबापाशी तुम्ही दिसलात. तोच निळा सदरा, तशीच ताठ मान. हात वर, पंजा उघडा. थांब.

मी थांबवलं. नियम तुमचाच. मी नवी असताना तुम्ही खालून ओरडून सांगितला होतात. "बाई, बाकीचे हात फक्त आपल्या माणसाचे ऐकायचे. पण थांबाचा हात कोणाचाही असो, ऐकायचा. झाडूवाल्याचा ऐकायचा, वाट चुकलेल्या पाहुण्याचाही ऐकायचा. का, ते मागून विचारायचं."

पत्रा हवेत झुलत राहिला. तुरतुऱ्या आ वासून वर बघायला लागला. साहेब काचेच्या खोलीतून बाहेर आले. मी ओरडून सांगितलं, ब्रेक जरासा अडकला. परत खांबाकडे बघते तर तुम्ही नाही.

सुट्टी झाल्यावर वॉचमनला विचारलं. तो म्हणाला, "अंपायर? ते कुठले यायला! गेले तसे या रस्त्यालाही फिरकले नाहीत."

माणूस असा दिसला की लोक भलतासलता अर्थ काढतात. मी तसली नाही. तरी विचारते, बरे आहात ना?

वरच्या बाई


३० जानेवारी

अंपायरसाहेब,

वहिनींचा फोन आला. तुम्ही ठीक आहात, दिवसभर खिडकीशी बसून असता, म्हणाल्या. फोन द्या म्हटलं, तर जरा वेळाने म्हणाल्या, "नको म्हणतायत." आधी हायसं वाटलं आणि मग असा राग आला म्हणून सांगू! जिवंत माणसाचं भूत झालेलं मी पहिल्यांदाच बघतेय. मेलेला माणूस दिसला तर निदान रडता तरी येतं.

हो, तुम्ही नंतरही दोनदा दिसलात. त्याच खांबापाशी, तसाच हात. दोन्ही वेळा मी थांबवलं आणि दोन्ही वेळा ब्रेकवर खापर फोडलं. बिचारा ब्रेक.

इकडे एक नवीनच टूम निघालीय. पन्नाशी उलटलेल्यांनी आपखुशीने लवकर निवृत्त व्हावं, कंपनी त्यांचं भलं करेल. अर्धी शेड साहेबांच्या दारात उभी असते. प्रत्येकाला कारण विचारतात. टर्नरकाकांनी गुडघे सांगितले. गुडघ्यांना आपल्याकडे फार मान आहे, गुडघा म्हटलं की साहेब स्वतः खुर्ची पुढे करतात. स्टोअरकीपर म्हणतो, नातवंडांत रमायचंय. त्याच्या मुलाचं लग्न ठरता ठरत नाही, नातवंडं कुठून आणतोय कोण जाणे. पेंटरणीला विचारलं तर म्हणाली, "कंटाळा आला गं." तिची छाती वाजते ती मला वर केबिनमध्ये ऐकू येते. खरं कारण कोणीच सांगत नाही. जो तो झाकली मूठ घेऊन निघालाय. तुम्ही साहेबांना काय सांगितलं होतंत?

मी जाणार नाही. माझी नणंद रोज डोकं खाते. हे गेल्यापासून घरात आम्ही दोघीच, त्यामुळे तिला खायला दुसरं डोकं नाही. "तू कधी सोडतेस?" म्हणते. मी म्हणते, मला काय धाड भरलीय? साखर आहे थोडी, ती हल्ली कोणाला नसते? त्यावर म्हणाली, "तुझं बरंय. उंटावरून शेळ्या हाकायच्या. मरेपर्यंत हाकशील."

वहिनींना नमस्कार. तुम्हाला नाही.

वरच्या बाई


१८ फेब्रुवारी

अंपायरसाहेब,

मागच्या पत्रात थोडी साखर लिहिलं होतं. थोडी नाहीये. गोळ्यांनी ऐकेनाशी झाली म्हणून मागच्या वर्षी डॉक्टरांनी इंजेक्शन सुरू केलं. नणंदेलाही माहीत नव्हतं. परवा तिने फ्रिज पुसायला काढला आणि दुधाच्या पिशव्यांमागे डबी सापडली.

"हे काय?"

"औषध."

"औषध आहे ते दिसतंय. कुणाचं?"

"दुधाचं," मी म्हटलं. ती हसली नाही. डबी होती तिथे ठेवली आणि पुढचं दूध बाजूला सरकवलं, मला हात घालायला सोपं जावं म्हणून. तिच्याशी दोन दिवस मला नीट बोलता आलं नाही.

कंपनीच्या डॉक्टरला सांगितलेलं नाही. सांगणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. इंजेक्शनवाल्या माणसाला केबिनमध्ये चढू देत नाहीत, खाली उतरवतात आणि गेटवर बसवतात, आल्यागेल्याला नाव-गाव विचारायला. मला ते जमायचं नाही. तुम्ही कधी वर चढला नाहीत, म्हणून तुम्हाला कळणार नाही. वर सगळ्या शेडचा आवाज एकत्र होऊन येतो, त्यात कोणाचं भांडण वेगळं काढता येत नाही. माणसं डोक्यावरून ओळखायची. टर्नरकाकांचं टक्कल, साहेबांचा भांग. दोन्ही हात क्रेनच्या दांड्यांवर असले की मला कोणी गेल्याचं आठवत नाही, कोणी असल्याचंही नाही. नवरा गेला त्याच्या तेराव्या दिवसानंतर मी चढले, ती सुट्टी होईपर्यंत खाली बघून हसत होते. तुम्ही काहीतरी नक्कल केली होतीत कोणाची.

तुम्ही का दिसता, ते आता कळलंय. सकाळी इंजेक्शन घेतलं आणि काम लांबून डबा उशिरा उघडला, की अंगातली साखर उतरते. आधी हातापायांना घाम फुटतो. मग कानात पाणी गेल्यासारखं होतं. मग खांबापाशी तुम्ही. मी साखरेचे दोन खडे तोंडात टाकले की जाता. एकदा कळल्यावर भीती गेली. उलट बरं वाटलं, फुकटचा राखणदार मिळाला. तुम्ही थांब म्हणता, मी थांबते, साखर खाते, पुन्हा कामाला लागते. तीन वर्षं तोंड दाखवलं नाहीत, पण पाठराखण करताय, असं म्हटलं मनाशी.

आता लिहायला बसलेच आहे तर हेही लिहिते. गेल्या आठवड्यात काम लांबलं नव्हतं. डबा मांडीवर होता. मीच उघडला नाही.

वरच्या बाई


४ मार्च

अंपायरसाहेब,

तुम्ही उत्तर देत नाही हे माझ्या अंगवळणी पडलं होतं. या पत्राचं मात्र द्यावंच लागेल.

परवा मोठा पत्रा ठोकळ्यांवर ठेवायचा होता. एक ठोकळा तिरका झाला होता. तुरतुऱ्याने मला 'थांब' असा हात केला आणि ठोकळा सरळ करायला पत्र्याखाली गेला. जायला नको, पण सगळेच जातात. तुम्हीही जायचात. मी थांबून राहिले. डबा उघडलेला नव्हता. का, ते विचारू नका.

घाम आला. कानांत पाणी भरलं. खिशात साखर होती, पण मी हात घातला नाही. तुमची वाट बघत होते, सरळच सांगते. तुम्ही आलात. खांबापाशी उभे राहिलात आणि या वेळी पंजा उघडा नव्हता. बोट जमिनीकडे, मनगट हळू फिरवत. खाली घ्या.

मी खाली घेतलं.

थांबाचा हात तुरतुऱ्याचा होता आणि त्याने तो अजून मागे घेतलेला नव्हता, हे मला माहीत होतं. त्या क्षणीही माहीत होतं. पण वीस वर्षं ज्या हातावर माझे दांडे हलले तो हात सांगत होता. आणि हे लिहायला हात धजत नाही, पण इतक्या दिवसांनी तुम्ही मला काही काम सांगत होता, म्हणून मला आनंद झाला होता.

खालून किंचाळ्या आल्या. बघते तर अख्खी शेड हात वर करून उभी. टर्नरकाका, पेंटरीण, साहेब, सगळ्यांचे पंजे उघडे. मी थांबवलं. तुरतुऱ्या पत्र्याखालून रांगत बाहेर आला, त्याच्या कपाळावरून रक्त वाहत होतं. त्याचं हेल्मेट आत राहिलं. पत्रा उचलला तेव्हा ते चपटं झालेलं होतं.

मी कशीबशी शिडी उतरले. माझी पाचावर धारण बसली होती. वाटलं, आता मारतील आणि मारावंच. तर तुरतुऱ्या कपाळाला फडकं दाबून माझ्याजवळ आला आणि म्हणतो, "बाई, तुम्ही होतात म्हणून वाचलो. दुसऱ्या कोणाला एवढ्यात थांबवता आलं नसतं. तो ब्रेक एक दिवस जीव घेणार."

सगळ्यांनी मान डोलावली. साहेबांनी पाणी मागवलं, माझ्यासाठी. मी प्यायले. गप्प बसून प्यायले.

ब्रेक उघडून तपासायला पाठवलाय. त्यात काही सापडायचं नाही. तो परत आला की क्रेन सुरू होईल आणि मला शिडी चढायची आहे. साखर सांभाळीन, डबा वेळेवर खाईन, असं स्वतःला रोज समजावते आणि रोज पटतं. पटतंय याचीच धास्ती वाटते. घरात बसले तर मी कोण? चढले तर तुरतुऱ्या कुठे?

तुम्हाला नोकरी आवडत होती. तुमचं काही दुखत-खुपत असल्याचं मी कधी ऐकलं नाही. मग धडधाकट माणूस असा मध्येच का गेला? ते कळलं तर मला माझं ठरवता येईल, असं वाटतं. ब्रेक परत यायच्या आत सांगा.

वरच्या बाई


९ मार्च

बाई,

अक्षर माझं आहे, बोलणं त्यांचं. त्यांना पेन धरता येत नाही. सांगतात तसं लिहिते, मध्ये माझं काही घालत नाही.

बाई, मी शेडमध्ये आलो नाही. माणूस पत्र्याखाली असताना मी 'खाली घ्या' म्हटलं असतं का? कधी म्हटलं होतं?

तुम्ही म्हणता मी धडधाकट होतो. मी जायच्या दोन वर्षं आधीपासून माझे हात थरथरत होते. डॉक्टर म्हणाले, हे बरं होणारं दुखणं नाही, फक्त हळू करता येईल. मी हात खिशात घालून फिरायचो. हात करायची वेळ आली की कोपर बरगडीत रुतवून धरायचो, तरी पंजा पानासारखा हलायचा. आज कळेल बाईंना, उद्या कळेल, असं रोज वाटायचं. तुम्ही एका शब्दाने बोलला नाहीत. काम एकदाही चुकलं नाही. मी म्हणायचो, एवढ्या उंचावरून दिसत नसेल.

शेवटच्या दिवशी असाच मोठा पत्रा होता. मी हात उचलायला गेलो आणि तो उचललाच गेला नाही. अंगाला शिवल्यासारखा राहिला. ओरडावं तर आवाज फुटेना. पत्रा माझ्यासमोर हवेत. आणि तुम्ही तो सावकाश पुढे घेतलात, थांबवलात, खाली घेतलात आणि ठोकळ्यांवर अलगद टेकवलात. माझ्या मनात होतं अगदी तिथे. सुट्टी झाल्यावर शिडी उतरताना तुम्ही मला म्हणालात, "आज हात अगदी स्पष्ट होते हं, अंपायरसाहेब."

बाई, मी हात केलाच नव्हता.

त्या संध्याकाळी मी राजीनामा दिला. साहेबांना गुडघे सांगितले. दुखण्यामुळे गेलो असं नाही. दुखणं घेऊन मी अजून चार वर्षं उभा राहिलो असतो आणि तुम्ही मला उभं राहू दिलं असतं, म्हणून गेलो. तुम्हाला सांगितलं असतं तर म्हणाला असता, राहा हो, मी सांभाळते. आणि सांभाळलंही असतं. कोणीतरी चिरडेपर्यंत आपण दोघांनी ते सांभाळलं असतं. तेव्हा तुम्हाला साखर नव्हती ना? नीट आठवा. मी गेलो की तुम्ही नव्या माणसाकडे बघायला लागाल, एवढाच विचार केला.

फोनवर येत नाही कारण हल्ली जीभही नीट वळत नाही. हे एवढं सांगायला तीन दुपारी लागल्या.

बाई, आता एवढं माझं. ते रडत होते. तुमच्यावर राग नाहीये त्यांचा, आणि तुम्हीही धरू नका. एकदा घरी या.


२० मार्च

अंपायरसाहेब, वहिनी,

पत्र आलं तेव्हा नणंद समोर बसून भाजी निवडत होती. तिने विचारलं, काय लिहिलंय? मी तिला वाचून दाखवलं. ती निवडलेली भाजी बाजूला सारून म्हणाली, "मी तुला उगाच नव्हते सांगत," आणि उठून आत गेली. आत जाऊन तिने देवाला हात जोडले की भांडी आपटली, ते मला कळलं नाही. दोन्ही असेल.

तुम्ही म्हणालात, आठवा. आठवलं. तेव्हा साखर नव्हती. होती तरी मला माहीत नव्हती. त्या दिवशीचा तुमचा हात मला अजून डोळ्यांसमोर दिसतो. एवढा स्वच्छ, की बोटांवरचे वंगणाचे डागसुद्धा सांगू शकते.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये गेले. साहेबांनी बोलावून सांगितलं, ब्रेक आलाय, त्यात काही दोष नाही, उद्यापासून चढा. मी म्हटलं, मी चढणार नाही, मला त्या रांगेत घ्या. त्यांनी सवयीने खुर्ची पुढे केली.

"गुडघे?"

"नाही. साखर. इंजेक्शन घेते वर्षभर, तुमच्यापासून लपवून. आणि ब्रेक कधीच अडकला नव्हता. मला खाली नसलेला माणूस दिसतो आणि मी त्याचं ऐकते."

साहेबांनी आधी दार लोटून घेतलं. मग आवाज उतरवून म्हणाले, "बाई, साखर लिहितो. दुसरं लिहीत नाही. मी वर काय सांगू?" मी म्हटलं, वर काय सांगायचं ते तुम्ही बघा, खाली मी सांगते.

तुरतुऱ्या कँटीनमध्ये एकटाच बसला होता. कपाळावर पट्टी होती. मी समोर बसले आणि सगळं सांगितलं. साखर, डबा, खांब, तुम्ही. तो चिडेल, ग्लास फेकून मारेल, असं वाटलं होतं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं, "तो अंपायर त्या दिवशी 'खाली घ्या' म्हणाला. आणि एरवी?"

"एरवी तो नसायचा. एरवी तूच की."

"माझे हात बघून चालवायचात?"

"मग कोणाचे?"

त्याने चहाचा ग्लास उचलून ओठांना लावला. उचलला डाव्या हाताने. खाली ठेवला डाव्या हाताने. मग कपाळावरची पट्टी चाचपली, तीही डाव्याच हाताने. मी त्या हाताकडे बघत बसले.

"मी डावखुरा आहे, बाई," तो म्हणाला. "पहिल्याच दिवशी तुम्हाला सांगितलं होतं. उजव्या खांद्याला मार आहे, हात वर जात नाही. तुम्ही वरून ओरडला होतात, चालेल, चालेल."

अंपायरसाहेब, तीन वर्षं. तीन वर्षं तो माणूस डाव्या हाताने मला सांगत होता आणि मला रोज उजवा दिसला. तोच, वंगणाचे डाग असलेला. मी एकही पत्रा चुकवला नाही, कारण पत्रे चुकवायला मी येडी नाही, कामातली आहे. पण इतके दिवस तो बिचारा खाली उभा राहून कोणासाठी हात करत होता, ते त्याला त्या बाकावर कळलं आणि मला त्याच्या तोंडाकडे बघून कळलं. तो उठला, जाताना माझाही ग्लास घेऊन गेला. ठेवून आला आणि परत काही बसला नाही.

आता मी घरी असते. डबा नाही, जेवण असतं, तेही नणंद वेळेवर पुढ्यात आणून आदळते. साखर ताळ्यावर आहे. पेंटरीण येऊन गेली, तिने दम्याचं सांगून टाकलं, मग आम्ही दोघी उगाचच हसलो. शेडच्या आठवणीने जीव तुटतो. दुपारी हात मांडीवर असले तरी दांडे धरल्यासारखे वळतात. ते सोसेन.

वहिनी, तुम्ही या म्हणालात. येईन म्हणून शब्द देत नाही. अंपायरसाहेबांचे हात थरथरताना बघवणार नाहीत म्हणून नव्हे. माणसाचं दुखणं बघायला मी घाबरत नाही, घरात बघितलंय. मला भीती वेगळीच वाटते. मी तुमच्या खिडकीशी येऊन बसेन, तुम्ही म्हणाल, बघा हो, कसे हलतात, पाण्याचा पेलाही धरवत नाही. आणि मी बघेन, आणि मला ते स्थिर दिसतील.

वरच्या बाई